वेग चोख, पत्ता सामायिक, रस्ता मुंबईमार्गे: राजारामपुरीतील फायबर जोडणीचा चौदा महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या घराच्या तळमजल्यावर माझे ड्रॉइंगचे छोटे ऑफिस आहे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांना लागणारी कास्टिंगची ड्रॉइंग आम्ही येथे तयार करतो, आणि त्यासाठी गेले चौदा महिने एका स्थानिक कंपनीची फायबर जोडणी वापरत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. मला आलेल्या अडचणी इंटरनेटवरील पत्ते आणि मार्ग यांच्याशी संबंधित आहेत आणि लहान सेवादारांकडे त्या कमी-अधिक प्रमाणात भेटतातच. जोडणी घेताना आपण सगळे वेग आणि दर एवढेच विचारतो. मीही तेवढेच विचारले होते, आणि तेथेच माझे चुकले.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण तक्रार नाही. १०० एमबीपीएसची योजना आहे, ₹६०० अधिक १८ टक्के जीएसटी मिळून महिन्याला ₹७०८ होतात, आणि तारेने जोडलेल्या संगणकावर मोजल्यास दोन्ही दिशांना ९४ ते ९७ एमबीपीएस मिळतात. जोडणीच्या दिवशी कारागिराने मीटर लावून प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) असल्याचे दाखवले होते आणि ती आजही जवळजवळ तीच आहे. तार तुटल्याचे सांगणारा फायबरच्या पेटीवरचा तांबडा दिवा चौदा महिन्यांत तीन वेळा लागला, आणि तिन्ही वेळा त्याच दिवशी माणूस येऊन तार जोडून गेला.

खरी अडचण दुसऱ्याच महिन्यात समोर आली. आमची सगळी ड्रॉइंग ऑफिसातील एका स्टोरेज पेटीत असतात. शिरोलीला फौंड्रीत उभा असताना पॅटर्नचे, म्हणजे साच्यासाठीच्या नमुन्याचे, एखादे माप तपासायचे असेल तर ते ड्रॉइंग फोनवर उघडता यावे, एवढीच माझी अपेक्षा होती. त्यासाठी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आलेली मागणी आतल्या पेटीकडे वळवण्याची, नोंद केली, पासवर्ड घातला, पुन्हा पुन्हा तपासले. घरातल्या घरात सगळे चालत होते आणि शिरोलीहून काहीच उघडत नव्हते. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी राउटरचे स्टेटस पान उघडून बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला. तेथे १००.७२.१८.४१ असा आकडा होता. त्याच वेळी ‘माझा आयपी पत्ता कोणता’ हे सांगणाऱ्या संकेतस्थळावर मात्र १०३ ने सुरू होणारा अगदी वेगळा पत्ता दिसत होता. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहत राहिलो. माझ्या राउटरला वाटत होते तो माझा पत्ता नव्हता, आणि जगाला जो दिसत होता तो माझ्या एकट्याचा नव्हता.

याचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. आपण आजही सर्वाधिक ओळखतो तो आयपीव्ही४ पत्ता १९८१ साली निश्चित झाला. तो ३२ बिटांचा आहे, म्हणून एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात, आणि त्यांतलेही सगळे वापरता येत नाहीत. जागतिक साठ्यातील शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटले गेले, आणि आशिया-प्रशांत विभागाची नोंदणी संस्था त्याच वर्षी १५ एप्रिलला आपल्या शेवटच्या गटावर येऊन ठेपली. तो शेवटचा गट १०३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा होता, आणि त्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते द्यायचे असा नियम झाला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या आपल्याकडील कित्येक लहान सेवादारांचे पत्ते १०३ ने का सुरू होतात, याचे उत्तर येथे आहे. माझ्या पडद्यावरचा तो आकडा पाहूनच अंदाज आला की ही कंपनी उशिरा आलेली आहे आणि तिच्या हाती पत्ते मोजकेच आहेत.

ग्राहक काही हजार आणि पत्ते काही शे, असे झाल्यावर एक पत्ता अनेकांत वाटण्याखेरीज इलाज नसतो. यालाच सीजी-नॅट म्हणतात. आपल्या तालमीत बाहेरगावचे मल्ल राहत, तेव्हा त्यांची पत्रे तालमीच्या एकाच पत्त्यावर येत. समजा, कोणी मल्लाने घरी पत्र पाठवले आणि कोणी कोठे लिहिले याची नोंद वस्तादांनी वहीत ठेवली, तर उत्तर आल्यावर ते बरोबर त्याच्याच हाती पडेल. मात्र आतून कोणी काही लिहिलेलेच नसताना बाहेरून नुसत्या तालमीच्या पत्त्यावर पत्र आले, तर ते कोणाला द्यायचे हे वहीत सापडणार नाही. कंपनीच्या यंत्रातली वही अशीच असते. मी एखादे पान उघडतो तेव्हा पॅकेटवरचा, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यावरचा, माझा १००.७२ चा पत्ता पुसून तेथे १०३ चा सामायिक पत्ता आणि एक पोर्ट क्रमांक लिहिला जातो, आणि उत्तर त्या क्रमांकावरून मला परत मिळते. एका पत्त्यामागे पोर्ट क्रमांक ६५,५३६ असतात. ६४ ग्राहकांत समान वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला १,०२४ येतात. शिरोलीहून माझा फोन दार ठोठावत होता तेव्हा त्या वहीत माझ्या नावाची नोंदच नव्हती. मी माझ्या राउटरमध्ये कितीही नोंदी केल्या तरी कंपनीच्या वहीपर्यंत त्या पोहोचणार नव्हत्या.

तक्रार केल्यावर जो तरुण कारागीर आला त्याने वेग मोजला, माझ्याकडे पाहिले आणि मनापासून विचारले, “काका, नेट तर झ्याक चाललंय. पत्त्याचं काय अडलंय?” त्याचा दोष मी मानत नाही, कारण त्याला तेवढेच शिकवलेले आहे. मी त्याला दोन्ही आकडे दाखवले, तेव्हा त्याने लगेच ऑफिसला फोन लावला आणि नेटवर्क सांभाळणाऱ्या इंजिनिअरशी माझे बोलणे करून दिले. तो माणूस जाणकार होता. “सर, घरगुती योजनेत सामायिकच पत्ता असतो, तुमचा एकट्याचा हवा असेल तर महिन्याला अडीचशे अधिक जीएसटी,” असे त्याने स्पष्ट सांगितले. म्हणजे ₹२९५. पत्ते दुर्मिळ आहेत, तेव्हा त्यांची किंमत लागणार हे मला मान्य आहे. मला खटकले ते हे की जोडणी विकताना, अर्जावर, दरपत्रकावर, कोठेही ‘पत्ता सामायिक आहे’ असे एक वाक्य नव्हते. ज्याला फक्त सिनेमे पाहायचे आहेत त्याला फरक पडत नाही. पण दुकानातला कॅमेरा घरून पाहायचा आहे, ऑफिसच्या संगणकाला बाहेरून जोडायचे आहे, अशा माणसाला हे आधी जाणून घेण्याचा हक्क आहे.

हे तपासणे अवघड नाही. राउटरच्या स्टेटस पानावरील बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ यांच्या दरम्यान असेल, तर तुम्ही सामायिक पत्त्यामागे आहात. हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही कंपन्या त्याऐवजी १० ने सुरू होणारे खासगी पत्ते वापरतात. कोणत्याही परिस्थितीत राउटरवरचा आकडा आणि संकेतस्थळावर दिसणारा आकडा जुळत नसेल तर उत्तर तेच. सामायिक पत्त्याचा आणखी एक जाच म्हणजे ‘तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ अशी चौकट वारंवार समोर येणे. त्याच पत्त्यामागच्या एखाद्या घरातील संगणकाला व्हायरस लागला असेल तर संशय सगळ्यांवर जातो.

मी ₹२९५ भरण्याच्या तयारीत असताना त्याच इंजिनिअरने स्वतःहून दुसरा मार्ग सुचवला, आणि या परीक्षणात कंपनीच्या बाजूने लिहावी अशी ती सर्वांत मोठी गोष्ट आहे. त्यांच्या जाळ्यात आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, सुरू होती, पण माझ्या राउटरमध्ये तो पर्याय बंद ठेवलेला होता. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असतो. एका घराला दिलेल्या लहानात लहान गटातसुद्धा ६४ बिटांइतके पत्ते मावतात, म्हणजे संपूर्ण आयपीव्ही४ जगाचा वर्ग. तेथे वाटून घेण्याची वेळच येत नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला जगात एकमेव असा स्वतःचा पत्ता मिळतो. भारत आज आयपीव्ही६ च्या वापरात जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो आणि त्यामागे मोबाइल कंपन्यांचा मोठा वाटा आहे, त्यामुळे माझ्या फोनला तो आधीपासूनच मिळत होता. राउटरमध्ये पर्याय चालू केला, फायरवॉलमध्ये फक्त वायरगार्डच्या (हे व्हीपीएनचे, म्हणजे सुरक्षित खासगी वाटेचे, सॉफ्टवेअर) एका पोर्टला वाट दिली आणि दुसऱ्या दिवशी शिरोलीला गेलो. भट्टीपासून थोडे दूर, शेडच्या दारात उभा राहून फोनवर ड्रॉइंग उघडले. गोल कोपऱ्याच्या त्रिज्येचा आकडा स्पष्ट दिसला आणि पॅटर्नमेकरला तेथेच तो दाखवता आला. त्या क्षणी मला जे समाधान वाटले ते पंचवीस वर्षांत नव्या यंत्राच्या पहिल्या बिनचूक कामाला वाटले असेल तेवढेच. येथे एक काळजीची सूचना करतो: स्टोरेज पेटी किंवा कॅमेरा थेट बाहेर उघडा ठेवू नये. आधी व्हीपीएनने आत शिरावे आणि मग पेटी उघडावी.

तरीही हे काम पूर्ण निर्दोष झालेले नाही. लाईट जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की कंपनीकडून मिळणारा आयपीव्ही६ गट बदलतो, म्हणून फोनमध्ये जपून ठेवलेला पत्ता निरुपयोगी ठरतो. मी डायनॅमिक डीएनएसची, म्हणजे बदलत्या पत्त्याला एक कायमचे नाव जोडणारी, नोंद करून घेतली आहे. पत्ता बदलला की पेटी स्वतः ती नोंद सुधारते. पण इतका खटाटोप प्रत्येक ग्राहकाने का करावा? आयपीव्ही६ मध्ये पत्त्यांचा तुटवडा नाही, तेव्हा प्रत्येक घराला कायमचा एक गट लावून देण्यास कंपनीला अडचण असू नये. तसा लेखी अर्ज मी दिला आहे आणि तीन महिने झाले तरी उत्तर आलेले नाही. शिवाय फौंड्रीच्या वायफायवर आयपीव्ही६ नसल्यामुळे तेथे मोबाइल डेटा चालू करावा लागतो. त्यात या कंपनीचा दोष नाही.

आता रस्त्याविषयी. शाहूपुरीत माझे एक स्नेही आहेत, कास्टिंगचे मशिनिंग करणारे. त्यांच्याकडे दुसऱ्या कंपनीची जोडणी आहे आणि त्यांनी जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेतलेला आहे. आमच्या दोघांमधले अंतर दुचाकीवरून दहा मिनिटांचे. मी त्यांच्या पत्त्यावर संगणकातून ट्रेसर्ट ही आज्ञा चालवली. तिची युक्ती सुंदर आहे. प्रत्येक पॅकेटवर एक आकडा असतो आणि वाटेतील प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो. आकडा शून्य झाला की तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ही आज्ञा आधी १, मग २, मग ३ असे आकडे घालून पॅकेट सोडत जाते, आणि जे जे राउटर ‘येथे संपले’ असे कळवतात त्यांची ओळीने यादी होते. माझ्या यादीत पहिली ओळ घरच्या राउटरची, दुसरी १००.६४ ने सुरू होणाऱ्या कंपनीच्या यंत्राची, मग दोन अंतर्गत पत्ते, आणि पाचव्या ओळीत ज्याच्या नावातच मुंबई आहे असा राउटर. तेथून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात शिरून पॅकेट परत कोल्हापूरला आले. एकूण वेळ १७ मिलिसेकंद.

राजारामपुरीहून शाहूपुरीला जायला मुंबई का लागावी? कारण दोन्ही कंपन्यांच्या तारा कोल्हापुरात कोठेही एकमेकींना जोडलेल्या नाहीत. त्यांची भेट होते ती मुंबईतील इंटरनेट एक्सचेंजमध्ये, म्हणजे जेथे कंपन्या आपली जाळी एकमेकांना जोडतात त्या ठिकाणी. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई रस्त्याने ३८० किलोमीटरच्या आसपास धरली, तर जाताना मुंबईहून वळसा आणि उत्तर येतानाही मुंबईहून वळसा, असे १,५२० किलोमीटर होतात आणि त्याला निदान साडेसात मिलिसेकंद लागतात. बाकीचा वेळ यंत्रांचा आणि तारेच्या वळणांचा. रोजच्या कामात १७ मिलिसेकंद कोणाला जाणवणार नाहीत, हे खरे. परंतु पावसाळ्यात मुंबईकडची तार तुटली तर एकाच गावातील दोन घरे एकमेकांपासून तुटू शकतात, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. स्थानिक कंपन्यांनी एकत्र येऊन गावातच एक जोड घातली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

ट्रेसर्ट चालवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मधल्या एखाद्या ओळीत नुसत्या तारका आल्या म्हणजे तेथे बिघाड आहे असे नाही. अनेक राउटर असे निरोप पाठवण्याचे काम मुद्दाम मागे ठेवतात किंवा करतच नाहीत. दुसरे असे की ही यादी फक्त जाण्याच्या वाटेची असते. येण्याची वाट वेगळी असू शकते.

वाट कशी ठरते हे आपल्या पिनकोडवरून चांगले समजते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने आखली. ते संस्कृत कवीही होते. पत्रावर ४१६ दिसले की दिल्लीच्या वर्गीकरण करणाऱ्याला राजारामपुरीची कितवी गल्ली हे जाणण्याची गरज नसते. त्याला फक्त पहिले आकडे पुरतात. बाकीचे कोल्हापूरचे टपाल खाते पाहून घेते. राउटरही पत्त्याचा पुढचा भाग पाहूनच पॅकेट कोणत्या तारेवर सोडायचे ते ठरवतो, आणि त्याच्या तक्त्यात दोन नोंदी लागू पडत असतील तर जी जास्त आकडे जुळवते, म्हणजे अधिक नेमकी असते, ती निवडतो. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान टेलिकॉम या दूरसंचार कंपनीने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी त्याच्या पत्त्यांची अशीच एक अधिक नेमकी नोंद केली आणि ती चुकून जगभर पसरली. सुमारे दोन तास यूट्यूबकडे जाणारी पॅकेट भलतीकडे गेली. पिनकोडशी साम्य येथवरच. पिनकोड जागेला चिकटलेला असतो, आयपी पत्ता मात्र जाळ्यातील स्थान सांगतो. म्हणूनच मी राजारामपुरीत बसलेलो असताना कित्येक संकेतस्थळे मला मुंबईकर समजून तेथील हवामान दाखवतात.

जुलैमधला एक प्रसंग नोंदवला पाहिजे. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळे थांबले. फायबरच्या पेटीवर तांबडा दिवा नव्हता, म्हणजे घरापर्यंतची तार शाबूत होती. साधारण तीन मिनिटांनी नेट आपोआप परत आले. पण मुंबईतील ज्या पत्त्याला एरवी १४ मिलिसेकंद लागत त्याला आता ३८ लागू लागले, आणि ट्रेसर्टमध्ये मुंबईच्या जागी बंगळुरूचे नाव दिसू लागले. इंजिनिअरला फोन केला तेव्हा कळले की महामार्गालगत खोदकामात पुण्याकडची तार तुटली होती. या कंपनीने दोन मोठ्या कंपन्यांकडून वाट घेतली आहे, एक उत्तरेकडून आणि एक दक्षिणेकडून. कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठता येईल हे जाळी एकमेकांना बीजीपी या नियमावलीने सतत कळवत असतात. उत्तरेकडचा शेजारी गप्प झाल्यावर त्याने सांगितलेल्या सगळ्या वाटा रद्द झाल्या आणि दक्षिणेकडच्या वापरात आल्या. शिरोलीजवळ महामार्गावर पुराचे पाणी आले की २०१९ मध्ये आपण किती दिवस अडकून पडलो होतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको, म्हणून दुसरी वाट आधीच तयार ठेवण्याचे मोल मला फार वाटते. तीन मिनिटे का लागली, हेही मी विचारले. मध्ये दुसरे यंत्र असल्यामुळे तार तुटल्याचे राउटरला थेट कळत नाही. शेजारी ठरावीक मुदतीत बोलला नाही तरच तो गेला असे धरले जाते, आणि अनेक राउटरांत ती मुदत मुळात १८० सेकंदांची असते. त्याने नंतर ती कमी केल्याचे सांगितले. अशा प्रश्नाला असे सरळ उत्तर देणारा माणूस फोनवर भेटतो, ही लहान कंपनीची मोठी जमेची बाजू आहे.

डीएनएस, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा, मात्र सामान्य आहे. कंपनीचा स्वतःचा डीएनएस संध्याकाळी मंदावतो, म्हणून मी राउटरमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सार्वजनिक डीएनएस घातले आणि तो प्रश्न मिटला. फायबरची पेटी व राउटर दोन्ही लहान यूपीएसवर ठेवावेत, म्हणजे लाईट गेल्यावर आयपीव्ही६ चा गटही वारंवार बदलत नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर तारेला आणि वेगाला साडेचार, वाटांना चार, पत्त्यांना अडीच. सामायिक पत्त्याची गोष्ट अर्जावर छापली आणि आयपीव्ही६ चा कायमचा गट दिला, तर शेवटचा आकडा मी आनंदाने बदलेन. या आठवड्यात पुढील सहा महिन्यांचे ₹४,२४८ भरले. स्थिर आयपीव्ही४ पत्त्याचे पैसे भरलेले नाहीत, आणि पावतीमागे माझ्या लेखी अर्जाची तारीख पुन्हा लिहून दिली आहे.